वेबसाइटवर रोज आठ-दहाच लोक येतात, हाताशी महिन्याला तीन हजार रुपये आहेत, काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा. यावल तालुक्यातल्या एक ताई गावातल्या चार बायांना सोबत घेऊन केळीचे वेफर्स, बिबड्या (ज्वारीचे पापड), कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ आणि काळा मसाला करतात. मागच्या दिवाळीआधी भाच्याकडून त्यांनी वेबसाइट करून घेतली. रोज आठ-दहा लोक येतात, त्यातले निम्मे नात्यातलेच. जाहिरातीसाठी महिन्याला तीन हजारांच्या वर काढणं जमत नाही. एवढ्यात लोक वेबसाइटवर आणायचे कसे, असं त्यांनी विचारलंय.

ताई,

तुमचा प्रश्न वाचून मी तुमची साइट आधी फोनवर उघडली, मग कम्प्युटरवर. खाटेवर वाळत घातलेल्या बिबड्यांचा फोटो पाहिला आणि आजीच्या गच्चीवरचं वाळवण आठवलं. माल चांगला आहे हे फोटोतूनही कळतं. म्हणूनच मोकळेपणाने आणि जरा लांबलचक लिहितो.

गेली बारा वर्षं जळगावात राहून मी अशाच लहान विक्रेत्यांच्या वेबसाइट सांभाळतो. पापड-मसालेवाले, साडीवाले, ठिबकचे सुटे भाग विकणारे. बहुतेकांचं तुमच्यासारखंच होतं. साइट तयार होते, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक फिरते, दोन दिवस शे-दीडशे लोक बघून जातात आणि मग सामसूम. तेवढ्यात कुणीतरी सांगतं, पैसे टाका, जाहिरात करा. मी उलट सांगतो. पहिले दोन महिने जाहिरातीवर एक रुपयाही घालू नका. तुमचं गिऱ्हाईक आजही तुमचा माल शोधतंय, पण त्याला तुम्ही सापडत नाही. ही अडचण पैशांनी सुटणारी नाही, बसून काम केलं तरच सुटते.

हे गिऱ्हाईक म्हणजे खान्देश सोडून गेलेला माणूस. सुरतेत उधना-लिंबायतकडे, पिंपरी-चिंचवडला, नाशकात सिडको-सातपूरला, कल्याण-डोंबिवलीत आपली किती माणसं आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. घरात वाळवण घालणारं कुणी उरलं नाही, गच्चीही उरली नाही. पण डिसेंबरात भरीत झालं की सोबत कळण्याची पुरी लागतेच. हा माणूस रात्री जेवणानंतर फोन हातात घेतो आणि गूगलवर काहीतरी टाइप करतो. तो नेमकं काय टाइप करतो, हे शोधून काढणं हे तुमचं पहिलं काम.

त्याच्याही आधी एक गोष्ट तपासा. गूगलमध्ये ‘साइट’ हा शब्द इंग्रजीत लिहा, लगेच अपूर्णविराम द्या आणि मध्ये जागा न सोडता तुमच्या वेबसाइटचा पत्ता टाका. गूगलला तुमची कोणती पानं माहीत आहेत ती समोर येतील. मी हे केलं तेव्हा तुमची तीनच पानं दिसली, आणि बिबड्यांचं पान त्यात नव्हतं. म्हणजे कुणी अगदी नेमकं ‘बिबड्या’ लिहून शोधलं तरी तुमचं पान पुढे येण्याची शक्यताच नाही.

याचं कारण बऱ्याचदा क्षुल्लक असतं. धरणगावकडच्या एका मसालेवाल्या भावांची साइट आठ महिने गूगलवर नव्हती. त्या काळात त्यांनी जाहिरातीवर बराच पैसा घातला होता. पाहिलं तर वर्डप्रेस या साइट बनवायच्या साधनाच्या सेटिंग्जमध्ये, ‘रीडिंग’ या भागात, ‘सर्च इंजिनांनी ही साइट घेऊ नये’ अशा अर्थाची एक चौकट असते, तिच्यावर खूण तशीच राहून गेली होती. साइट तयार होत असताना ती खूण मुद्दाम करतात आणि नंतर काढायचं विसरतात. भाच्याला आजच ती चौकट बघायला सांगा.

त्याच बैठकीत त्याच्याकडून गूगल सर्च कन्सोल सुरू करून घ्या. ते फुकट आहे. साइट तुमचीच आहे हे एकदा सिद्ध करायचं आणि साइटमॅप द्यायचा, म्हणजे तुमच्या सगळ्या पानांची यादी गूगलच्या हाती जाते. मग दोन-तीन दिवसांच्या उशिराने का होईना, लोकांनी काय शोधलं तेव्हा तुमचं पान दिसलं, किती वेळा दिसलं, कितीजणांनी त्यावर बोट ठेवलं आणि तुम्ही साधारण कितव्या जागी होता, हे सगळं समजतं. लहान विक्रेत्याला याच्याइतकी उपयोगी वही दुसरी नाही. हिच्यात सोळा महिन्यांपर्यंतचा हिशेब राहतो, पण तो जोडणीच्या दिवसापासूनच जमा होऊ लागतो. म्हणून उशीर नको.

आता फोटोंकडे वळू. तुमचं पहिलं पान माझ्या फोनवर उघडायला इतका वेळ लागला की मी गिऱ्हाईक असतो तर परत फिरलो असतो. फोनमधून काढलेले चार-पाच एमबीचे फोटो जसेच्या तसे चढवलेत. ‘स्क्वूश’ नावाचं गूगलचं फुकट साधन आहे, ते ब्राउझरमध्येच चालतं. त्यात फोटो वेबपी प्रकारात करून दीडशे-दोनशे केबीवर आणा. डोळ्याला फरक कळत नाही. मग ‘पेजस्पीड इनसाइट्स’ या पानाचा वेग मोजणाऱ्या गूगलच्या साधनात पत्ता टाकून मोबाइलचा निकाल बघा. पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसावी अशी गूगलची मोजपट्टी आहे. शंभरपैकी शंभर गुण मिळवायच्या नादी लागू नका, फोटो हलके झाले की बरंचसं काम होतं. सरकणाऱ्या चित्रांची ती पट्टीही काढून टाका. तिच्यामुळे माल खाली जातो आणि साइट जड होते.

यापुढचं काम मात्र सगळ्यात मोलाचं आहे, आणि ते भाच्याचं नाही, तुमचं आहे. ते म्हणजे शब्दांचं काम.

तुमच्या एका पानाचं नाव आहे ‘स्पेशल खान्देशी कॉम्बो २’. दुसऱ्याचं ‘आमची उत्पादने’. असं गूगलवर कोण शोधणार? लोक ‘बिबड्या’ शोधतात, ‘ज्वारीचे पापड’ शोधतात, ‘भरितासाठी कळण्याचं पीठ’ शोधतात. त्यातही गंमत अशी की आपल्याकडे एकाच वस्तूला दर दहा कोसांवर वेगळं नाव. यावल-रावेरकडे लेवा गणबोली, अमळनेर-धुळ्याकडे अहिराणी. कुणी बिबडे म्हणतं, कुणी बिबड्या. पुण्यात वाढलेल्या मुलांना यातला एकही शब्द येत नाही, ती ‘खान्देशी ज्वारी पापड’ असं लिहितात. शिवाय निम्मे लोक मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात, आणि त्यात शुद्धलेखन नसतंच. ‘बिबड्या’ रोमनमध्ये लिहिण्याच्या चार-पाच तऱ्हा मी स्वतः पाहिल्यात. गूगल त्यातलं बरंच समजून घेतं, सगळं नाही.

म्हणून एका वस्तूला एक स्वतंत्र पान द्या. पानाच्या शीर्षकात लोकांच्या तोंडचं नाव हवं, जसं ‘बिबड्या (खान्देशी ज्वारीचे पापड), घरगुती, यावल’. खाली पहिल्याच परिच्छेदात बाकीची नावं सहज वाक्यात आली पाहिजेत: “आमच्याकडे यांना बिबड्या म्हणतात, कुठे बिबडे म्हणतात.” रोमन लिपीतलं एखादं रूप पानाच्या पत्त्यात ठेवा. फोटोच्या फाइलचं नाव आकड्यांचं न ठेवता वस्तूचं ठेवा आणि फोटोमागे जे वर्णन लिहायची सोय असते तिथे एक सरळ वाक्य लिहा. हाच शब्द पन्नास वेळा कोंबू नका. आणि ‘मेटा कीवर्ड’ नावाच्या जागेत शब्द भरून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. क्रमवारी ठरवताना गूगल ते वापरत नाही, हे गूगलने २००९ सालीच जाहीर केलंय.

लोक कोणते शब्द वापरतात हे कळण्याच्या दोन फुकट वाटा आहेत. पहिली: गूगलच्या चौकटीत ‘केळीचे वेफर्स’ एवढंच लिहा आणि थांबा. खाली ज्या सूचना येतात, त्या लोकांनी खरोखर शोधलेल्या शब्दांवरून येतात. हे करताना फोनमध्ये इनकॉग्निटो खिडकी वापरा, नाहीतर तुमच्या स्वतःच्याच सवयी समोर येतील.

दुसरी वाट तुमच्या हातातच आहे, ती म्हणजे तुमचं व्हॉट्सअ‍ॅप. गेल्या वर्षभरात गिऱ्हाइकांनी तुम्हाला जे जे विचारलं ते एका वहीत उतरवून काढा. मी एका पापडवाल्या वहिनींकडून हे करून घेतलं होतं. सत्तरेक प्रश्न निघाले, पण नीट पाहिलं तर तेच ते दहा-बारा. वेफर्स कोणत्या तेलात तळता? उपवासाला चालतात का, मीठ साधं की सेंधव? बिबड्या तळायच्या की भाजायच्या? किती दिवस टिकतात? कळणा म्हणजे नेमकं काय, त्यात उडीद असतो का? पुऱ्यांसाठी पीठ कसं भिजवायचं? काळा मसाला किती तिखट, मुलं खातील का? सुरतेला पार्सल किती दिवसांत येईल, मोडून तर येणार नाही?

यातला एकेक प्रश्न म्हणजे एकेक पान, किंवा वस्तूच्या पानावरचा एकेक परिच्छेद. जो प्रश्न दहाजणांनी तुम्हाला फोनवर विचारला, तोच शेकडोंनी गूगलला विचारलेला असतो. तुम्ही त्याचं उत्तर फोनवर कसं देता? “अहो ताई, कळणा म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेलं पीठ, मीठ दळतानाच घालतो, म्हणून भाकरीत वेगळं मीठ घालू नका.” बस, हेच लिहा. लिहायला जड जात असेल तर बोला आणि फोनला ते टाइप करू द्या. गूगलची मराठी बोलून टाइप करायची सोय चांगली चालते. एखाद्या लेखनवाल्याकडून किंवा यंत्राकडून ‘आरोग्यदायी परंपरेचा अस्सल ठेवा’ अशी पानं लिहून घेऊ नका. तसला मजकूर हजार साइटवर आहे. बिबड्यांसाठी ज्वारी किती दिवस भिजवायची, ढग आले तर वाळवण कसं वाचवायचं, हे ज्याने हाताने केलंय त्यालाच लिहिता येतं, आणि तेच वाचायला लोक थांबतात.

वेफर्सच्या पानावर तेलाचं नाव ठळक लिहा. केळी कुठली, हेही लिहा. पण जपून. ‘जळगाव केळी’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि ते पाहून काही जण वेफर्सच्या पुडीवरही त्याची खूण छापतात. ते मानांकन केळीचं आहे, वेफर्सचं नाही. शिवाय ते वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ‘यावल-रावेर पट्ट्यातल्या केळीचे’ एवढं खरं विधान पुरेसं आहे. अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबरही पानावर दिसू द्या. अनोळखी साइटवर पहिल्यांदा आलेला माणूस असा आधार शोधत असतो.

आता हंगाम. आपल्या मालाची मागणी वर्षभर सारखी नसते आणि गूगलला नवं पान ओळखायला वेळ लागतो. नवरात्राच्या आदल्या दिवशी उपवासाच्या वेफर्सचं पान चढवून काही उपयोग नाही. निदान दोन महिने आधी ते उभं हवं. श्रावण, त्यात नागपंचमीनंतरच्या रविवारी येणारा कानबाईचा सण, मग नवरात्र, दिवाळी, डिसेंबर-जानेवारीतला भरिताचा मोसम, आणि उन्हाळ्यात आखाजी (अक्षय्य तृतीया). या दिनदर्शिकेवर तुमची पानं बेतून घ्या. भरिताची वांगी तुम्ही विकत नसलात तरी ‘भरितासोबत कळण्याची पुरी कशी करावी’ हे पान तुमचंच. ऑक्टोबरमध्ये लिहा आणि दर वर्षी त्याच पत्त्यावर सुधारत जा. नवं वर्ष, नवं पान असं करू नका, कारण जुन्या पानाने कमावलेली जागा वाया जाते. मोसम संपला, माल संपला, तरी पान काढायचं नाही. ‘पुढचा घाणा मार्चमध्ये, नंबर द्या, कळवतो’ असं लिहून ठेवायचं.

गूगल बिझनेस प्रोफाइलबद्दल थोडक्यात. नकाशावर दुकान दिसतं ते यामुळे, आणि तेही फुकट आहे. पण निव्वळ ऑनलाइन विकणाऱ्यांना ते नियमाने मिळत नाही. गिऱ्हाईक ठरलेल्या वेळेत तुमच्याकडे येऊन माल नेत असेल तरच करा. येत असतील तर जरूर करा, वेळा खऱ्या लिहा, फोटो टाका. अभिप्राय मागायला लाजू नका, पण त्याच्या बदल्यात पुडी फुकट देऊ नका. ते नियमाबाहेर आहे आणि अशाने प्रोफाइल बंद पडू शकतं. त्याखेरीज गूगल मर्चंट सेंटरमध्ये तुमच्या वस्तूंची यादी चढवता येते. शॉपिंगच्या पानावर जाहिरात न करताही त्या दिसू शकतात. भाच्याचं दोन संध्याकाळचं काम आहे.

इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर मी फार रेंगाळणार नाही. रील करायला तुम्हाला आवडत असेल तर करा. नसेल आवडत तर ओढूनताणून करू नका. एवढं मात्र लक्षात ठेवा की इन्स्टाग्रामच्या मजकुरातली लिंक दाबली जात नाही, ती प्रोफाइलमध्ये किंवा स्टोरीत द्यावी लागते. यूट्यूब शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि टिप्पण्यांतल्या लिंकही ऑगस्ट २०२३च्या अखेरीपासून दाबता येत नाहीत. पूर्ण लांबीच्या व्हिडिओच्या वर्णनात त्या अजून चालतात. म्हणून ‘बिबड्या कशा करतात’ असा एकच आठ-दहा मिनिटांचा, शांतपणे काढलेला व्हिडिओ मला तीस रीलपेक्षा मोलाचा वाटतो. तो वर्षानुवर्षं शोधात येत राहतो, आणि तोच बिबड्यांच्या पानावरही लावता येतो.

व्हॉट्सअ‍ॅपची तऱ्हा वेगळी. तिथे नवं गिऱ्हाईक क्वचित येतं, पण जुनं परत येतं, आणि जुनं गिऱ्हाईक वेबसाइटवर परत आणणं हेच सगळ्यात स्वस्त. बिझनेस अ‍ॅप वापरा, कॅटलॉग भरा, त्यातल्या प्रत्येक वस्तूला साइटवरच्या त्याच वस्तूच्या पानाची लिंक द्या. ब्रॉडकास्ट यादीतला निरोप ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, आणि एका यादीत २५६ जणच बसतात. म्हणून पार्सलमध्ये एक छोटी चिठ्ठी घाला: “हा नंबर सेव्ह करा, नवा घाणा निघाला की कळवू.” मागच्या बाजूला क्यूआर कोड छापा. तो साइटच्या पहिल्या पानावर नको, ‘बिबड्या कशा तळाव्यात’ या पानावर न्या. पुडी हातात असताना तेच पान माणसाला हवं असतं. तिथे आला की खाली मसाला दिसतो, कळण्याचं पीठ दिसतं. महिन्यातून दोनदा निरोप पुरे. रोज सकाळी शुभेच्छांचं चित्र पाठवणाऱ्याला लोक ब्लॉक करतात.

असल्या प्रत्येक लिंकला वेगळी खूण लावून ठेवा. तिला यूटीएम म्हणतात, भाच्याला माहीत असेल. मग गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवर येणाऱ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या साधनात, कळतं की अमुक लोक चिठ्ठीवरून आले, अमुक स्टेटसवरून. ही खूण नसेल तर सगळे एकाच ढिगात पडतात आणि कशात वेळ घालवायचा ते उमगत नाही.

दुसऱ्यांच्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंकही लागतात. गूगलच्या लेखी त्यांना वजन आहे. हजार रुपयांत पाचशे लिंक देणारे फोन तुम्हालाही येतील. घेऊ नका. विकत घेतलेल्या लिंक गूगलच्या नियमांत बसत नाहीत, आणि त्या ज्या साइटवर टाकतात तिथे माणूस फिरकत नाही. त्याऐवजी आपल्या माणसांकडे जा. पुण्या-सुरतेच्या खान्देशी मंडळांच्या साइट असतात, अहिराणीत आणि लेवा गणबोलीत पाककृती दाखवणारे कितीतरी जण आहेत, घरगुती खाद्यपदार्थांवर मनापासून लिहिणारे आहेत. अशा आठ-दहा जणांना पार्सल पाठवा, सोबत हाताने लिहिलेलं पत्र. लिंकची अट घालू नका. आवडलं तर ते स्वतःहून सांगतात. चोपड्याच्या एका लोणचेवाल्या काकूंनी असं केलं. पहिल्या सहांपैकी दोघांनीच उत्तर दिलं, पण त्यातल्या एकाच्या व्हिडिओखालच्या लिंकवरून दोन वर्षांनीसुद्धा लोक येत होते.

हे सगळं रुळलं की मग तुमचे तीन हजार बाहेर काढू. आधी एक गणित मांडा. समजा गूगलवरच्या जाहिरातीत एका भेटीला सहा रुपये पडले. तीन हजारांत पाचशे लोक आले. शंभरातल्या दोघांनी घेतलं असं धरू, म्हणजे दहा ऑर्डरी. एका ऑर्डरीमागे जाहिरातीचे तीनशे रुपये झाले. तुमची वेफर्सची पुडी विकून साठ रुपये सुटत असतील तर प्रत्येक ऑर्डरीत दोनशे चाळीस रुपयांचा खड्डा. हे आकडे मी समजुतीसाठी घेतलेत. तुमचे खरे आकडे घालून हाच हिशेब कागदावर करा आणि तो जुळेपर्यंत जाहिरात सुरू करू नका. जुळवायची वाट अशी की जाहिरात एका पुडीची नको, ज्यात चांगले पैसे सुटतात अशा मोठ्या संचाची करायची. वर्षभराचं वाळवण, किंवा ‘भरीत पार्टीचा संच’: पीठ, मसाला, बिबड्या एकत्र. आणि तीही मोसमाचे सहा आठवडेच. बाकीचे महिने पैसे साठवा. बारा महिने शंभर रुपये रोज जाळण्यापेक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात नेटाने खर्च केलेलं बरं.

गूगलवर जाहिरात करताना तीन ठिकाणी पैसे गळतात. पहिलं, शब्द. ‘केळी वेफर्स’ शोधणाऱ्यांत खाणारे थोडे आणि धंदा काढणारे भरपूर असतात. त्यांना मशीन हवी असते, अनुदान हवं असतं, कृती हवी असते. ‘मशीन’, ‘अनुदान’, ‘प्रोजेक्ट’, ‘रेसिपी’, ‘नोकरी’ हे शब्द निगेटिव्ह यादीत (ज्या शब्दांवर जाहिरात दिसू नये त्यांच्या यादीत) मराठीत आणि रोमनमध्येही टाका, आणि सुरुवातीला ‘एक्झॅक्ट मॅच’च ठेवा, म्हणजे त्याच अर्थाच्या शोधावर जाहिरात दिसेल. दुसरं, मोहीम तयार करताना ‘डिस्प्ले नेटवर्क’, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवर आणि अ‍ॅपमध्ये जाहिरात दाखवणं, आपोआप चालू असतं. ते बंद करा, नाहीतर लहान मुलांच्या खेळांच्या अ‍ॅपमध्ये तुमची जाहिरात चुकून दाबली जाईल. तिसरं, ठिकाण. पुणे आणि सुरत निवडल्यावरही ‘या ठिकाणी असलेले किंवा त्यात रस असलेले’ असा पर्याय आधीच निवडलेला असतो. त्याऐवजी ‘या ठिकाणी असलेले’ एवढंच ठेवा.

फेसबुक-इन्स्टाग्रामवरचं ‘बूस्ट’ हे निळं बटण दाबू नका. त्याने लाइक वाढतात, आणि लाइक देणाऱ्यांतले फार थोडे साइटवर येतात. करायचंच तर जाहिरात व्यवस्थापकातून, विक्री हा उद्देश निवडून करा, आणि आधी साइटवर येऊन गेलेल्यांनाच ती दाखवा. तुमच्याकडे अजून तेवढे लोक आलेले नाहीत, म्हणून हे पुढच्या वर्षी.

मोठ्या बाजार-अ‍ॅपवर माल ठेवावा का, असंही तुम्ही विचारलंय. ठेवा, ऑर्डरी येतील. पण ते गिऱ्हाईक त्यांचं राहतं. तिथल्या पार्सलात तुमच्या साइटची चिठ्ठी घालणं बहुतेक ठिकाणच्या नियमांत बसत नाही, त्यामुळे त्याला तुमच्या साइटची वाट समजून वेळ देऊ नका.

वेळ किती लागेल? माझ्या अनुभवात पहिले दोन महिने आकडा जवळजवळ हलत नाही, आणि नेमकं तेव्हाच लोक सोडून देतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सर्च कन्सोलमध्ये तुम्ही कधी विचारही न केलेले शब्द दिसू लागतात. दर सोमवारी अर्धा तास बसा, रोज पाहू नका. जो शब्द वारंवार दिसतो पण ज्यावर कुणी बोट ठेवत नाही, त्या पानाचं शीर्षक बदला. आठव्या-बाराव्या जागी घुटमळणारं जे पान आहे, त्यात गिऱ्हाइकांच्या आणखी दोन प्रश्नांची उत्तरं घाला. नव्या पानांपेक्षा अशा अर्ध्या वाटेवरच्या पानांना हात लावलेला लवकर फळतो.

या आठवड्यात तीन कामं करा. वर्डप्रेसमधली ती चौकट बघायची, सर्च कन्सोल जोडायचं आणि व्हॉट्सअ‍ॅपमधले प्रश्न वहीत उतरवायचे. वहीच्या पानांचे फोटो मला पाठवा. कोणत्या प्रश्नाचं पान आधी करायचं ते आपण मिळून ठरवू. माझा अंदाज आहे की पहिलं पान कळण्याच्या पिठाचंच निघेल.